बलून कॅथेटर बनतो कसा? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मी सोलापूरची, बलून फॉर्मिंग आणि टेस्टिंगच्या लाईनवर काम करते. गावी आले की ओळखीचे टूलरूमवाले, इंजिनिअरिंगची पोरं-पोरी आणि ज्यांच्या घरी नुकतीच अँजिओप्लास्टी झालीये अशी मंडळी तेच तेच विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. काही उत्तरं लांबली आहेत, तिथं विषयच तसा आहे.

बलून कॅथेटर म्हणजे नक्की काय असतं?

एक लांब बारीक नळी आणि तिच्या टोकाजवळ घट्ट घडी घालून बसवलेला लांबट फुगा. हृदयासाठीचा कॅथेटर साधारण १४० सेंटिमीटर लांब असतो, मनगटातून नाहीतर जांघेतून आत जातो. त्याच्या आधी एक वायर आत जाते, ०.०१४ इंच म्हणजे साधारण ०.३६ मिलिमीटर जाडीची, आणि त्या वायरवरून कॅथेटर सरकत सरकत ब्लॉकेजपर्यंत नेतात. नळीला दोन पोकळ्या असतात, एक वायरसाठी आणि दुसरी फुगा फुगवायला, लाईनवर आम्ही त्याला ल्युमेनच म्हणतो. स्टेंट म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी धातूची जाळीदार नळी, तीसुद्धा बहुतेक वेळा अशाच फुग्यावर बसवून आत नेतात, फुगा फुगला की स्टेंट उघडतो, फुगा परत बाहेर येतो आणि स्टेंट तिथंच राहतो. त्यामुळे "आम्हाला बलून नाही, स्टेंट टाकला" असं कुणी म्हणालं तरी बलून वापरलेला असतोच.

फुग्यात हवा भरतात का?

नाही. सलाईन आणि एक्स-रेत दिसणारं औषध, ज्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात, ते साधारण निम्मं-निम्मं मिसळून भरतात. एकतर त्यामुळे फुगा पडद्यावर दिसतो, आणि दुसरं म्हणजे फुगा फुटलाच तर रक्तात हवा जायला नको. आता यात डिझाईनवाल्याचं डोकं कुठं लागतं बघा, कॉन्ट्रास्ट घट्ट असतं, फुगवायचं ल्युमेन अगदी बारीक असतं, आणि फुगा फुगलेला असताना पलीकडे रक्त जात नाही, पेशंटची छाती दुखायला लागते, त्यामुळे डॉक्टरनी प्रेशर सोडलं की फुगा पटकन रिकामा व्हायलाच हवा. ल्युमेन मोठं केलं तर नळी जाड होते आणि अरुंद जागेतून जात नाही, लहान केलं तर फुगा रिकामा व्हायला वेळ लागतो. अशी ओढाताण या कामात जागोजागी आहे आणि मला तरी त्यातच मजा येते.

याचा शोध कुणी लावला?

एकट्याचं काम नाही. अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी १९६४ साली पायाची बंद होत आलेली रक्तवाहिनी ऑपरेशन न करता आतून रुंद केली, पण फुग्याने नाही, एकातून एक जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवून. त्याच्या थोडं आधी थॉमस फोगार्टी यांनी रक्ताची गुठळी ओढून काढायला फुग्याचा कॅथेटर केला होता, पहिला फुगा हातमोज्याच्या बोटाचा तुकडा होता आणि तो नळीला बांधायला मासे पकडायचा गळ बांधतात तशी गाठ मारली होती. मग आंद्रेआस ग्रुंटझिग आले, झुरिकला, त्यांनी घरच्या किचनच्या टेबलावर पीव्हीसीचे फुगे बनवले, आधी पायाच्या रक्तवाहिनीत वापरले आणि १६ सप्टेंबर १९७७ ला एका ३८ वर्षांच्या पेशंटच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिल्यांदा वापरला.

ग्रुंटझिग यांची खरी करामत मला ही वाटते की त्यांचा फुगा ठरलेल्या मापापर्यंत फुगायचा आणि तिथंच थांबायचा. फोगार्टींचा रबराचा फुगा गुठळी ओढायला छान, पण कडक ब्लॉकेजमध्ये तो जिथं जागा मिळेल तिकडे फुगतो, ब्लॉकेज तसंच राहतं आणि शेजारची चांगली भिंत ताणली जाते.

मग फुगा कशाचा असतो? रबर नाही तर काय?

तीन गट धरून चाला. पहिला कंप्लायंट, म्हणजे प्रेशर वाढेल तसा मोठा होत जाणारा, लॅटेक्स, सिलिकॉन, पॉलियुरेथेनचा. दुसरा सेमी-कंप्लायंट, नायलॉन १२ किंवा पेबॅक्सचा (नायलॉनच्याच घराण्यातलं मऊ, लवचिक प्लास्टिक), तो थोडासाच वाढतो. तिसरा नॉन-कंप्लायंट, पीईटीचा (पाण्याच्या बाटलीचं असतं तेच पॉलिस्टर) किंवा कडक नायलॉनचा, तो जवळपास वाढतच नाही. हृदयात ब्लॉकेज आधी थोडं मोकळं करायला सेमी-कंप्लायंट चालतो, कारण तो मऊ असतो, अवघड वळणावरून जातो आणि रिकामा केल्यावर बऱ्यापैकी परत घडीत बसतो. कॅल्शियम साठून दगडासारखं झालेलं ब्लॉकेज असेल किंवा स्टेंट टाकल्यावर तो भिंतीला नीट टेकवायचा असेल तर नॉन-कंप्लायंट लागतो. पीईटीची भिंत सगळ्यात पातळ करता येते पण कॅल्शियमच्या टोकाने त्याला बारीक भोक लवकर पडतं. सगळ्यात भारी मटेरियल कोणतं असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कुठल्या कामासाठी?

इतकी पातळ भिंत इतकं प्रेशर सहन कशी करते?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे जरा गणित करू. समजा फुगा ३ मिलिमीटरचा, भिंत २० मायक्रॉन म्हणजे ०.०२ मिलिमीटर, आणि प्रेशर १४ अॅटमॉस्फियर म्हणजे साधारण १.४२ मेगापास्कल. गोलाईच्या दिशेचा ताण काढायचं सूत्र डिप्लोमाच्या पोरांना पाठ असतं, प्रेशर गुणिले व्यास भागिले दुप्पट जाडी. येतं १०६ मेगापास्कलच्या आसपास. साधा नायलॉन १२ याच्या निम्म्यातच लांबायला लागतो. मग फुगा टिकतो कसा?

टिकतो तो ताणल्यामुळे. हे सोलापुरात समजावणं सोपं जातं, पॉलिस्टरचं सूत ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये की धागा काढताना तो ओढला की आतले रेणू एका दिशेला लागतात आणि तोच धागा कितीतरी पटीनं मजबूत होतो. फुग्यात तेच करायचं, फक्त एका दिशेला न ओढता दोन्ही दिशांना, लांबीलाही आणि गोलाईलाही. कमी ताणलं तर फुगा जाड आणि लेचापेचा, जास्त ताणलं तर बनवतानाच फाटतो. या दोन्हीच्या मधली जी छोटीशी जागा आहे ती शोधायची आणि मग रोज, प्रत्येक पीसला, तिथंच राहायचं, हेच सगळं काम आहे. याच्यावर खाली परत येते.

फुगा बनवायची प्रोसेस पहिल्यापासून सांगा ना.

सुरुवात दाण्यांपासून होते. नायलॉन आणि पेबॅक्स हवेतलं पाणी ओढतात, म्हणून एक्स्ट्रुडरमध्ये, म्हणजे दाणे वितळवून नळी काढणाऱ्या मशीनमध्ये, घालायच्या आधी वाळवावे लागतात, ओलावा ०.१ टक्क्याच्या खाली आणायचा, नाहीतर नळीत बुडबुडे येतात आणि मटेरियलही कमजोर होतं. पावसाळ्यात दाण्यांची पिशवी उघडी ठेवून जेवायला जाणाऱ्या ऑपरेटरला आमचे सुपरवायझर का ओरडतात ते यावरून कळेल.

मग एक्स्ट्रुजन. एक बारीक जाड भिंतीची नळी निघते, तिला आम्ही पॅरिसन म्हणतो. या नळीचं बाहेरचं आणि आतलं माप आणि मधोमध असणं, हे चुकलं तर पुढं कुणीही काही दुरुस्त करू शकत नाही. नळी एका बाजूला किंचित जाड असेल तर फुगाही त्या बाजूला जाड होणार आणि दुसऱ्या बाजूने फुटणार. म्हणून लेझर गेजने सतत माप घेतात.

त्यानंतर नळीची दोन्ही टोकं गरम करून ओढून बारीक करतात, मधला जाड तुकडा तेवढा ठेवतात, ज्याचा फुगा होणार. ही नळी मोल्डमध्ये जाते. मोल्ड गरम होतो, नायलॉन-पेबॅक्सला साधारण ९० ते १२० अंशांच्या दरम्यान, आतून नायट्रोजन २५-४० बारच्या आसपास प्रेशरने येतो, दोन्ही टोकं क्लॅम्पमध्ये धरून बाहेरच्या बाजूला ओढली जातात, आणि नळी फुगून मोल्डच्या भिंतीला जाऊन टेकते. मग थंड करायचं, पण प्रेशर न सोडता. गरम असतानाच प्रेशर सोडलं तर फुगा आक्रसतो आणि माप गेलं म्हणून समजा.

बाहेर आलेला फुगा बघण्यासारखा असतो, काचेसारखा पारदर्शक, दोन्ही बाजूंना निमुळता आणि हातात धरला तर वजनच लागत नाही. त्याची भिंत मोजताना फुगा चपटा करून दोन्ही भिंती एकत्र मोजतात आणि आकडा निम्मा करतात, लाईनवर त्याला डबल वॉल म्हणतात. मग मायक्रोस्कोपखाली बघायचं, ओरखडा आहे का, मटेरियलचा न वितळलेला ठिपका म्हणजे जेल आहे का, माशाच्या डोळ्यासारखा गोल डाग म्हणजे फिश आय आहे का. शंका आली की पीस बाद, वाद घालायचा नाही.

फुगा नळीला चिकटवतात कशाने? फेविक्विकसारखं काही?

हृदयाच्या बलूनमध्ये बहुतेक वेळा गोंद नसतोच, वितळवून जोडतात. फुग्याची बारीक मान नळीवर चढवायची, वरून आक्रसणारी नळी घालायची, आतलं ल्युमेन बंद होऊ नये म्हणून टेफ्लॉनचं कोटिंग असलेली सळई म्हणजे मँड्रेल घालायची आणि लेझरने ती जागा गोल फिरवत गरम करायची. म्हणून फुगा आणि नळीचं मटेरियल एकमेकांशी जुळणारं निवडतात, नायलॉनला नायलॉन किंवा पेबॅक्स छान धरतं. आतल्या नळीवर फुगा कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते एक्स-रेत कळावं म्हणून प्लॅटिनम-इरिडियमची बारीक कडी बसवतात. ही कडी एवढी लहान असते की नवीन आलेल्या मुलींचे पहिले काही दिवस ती चिमट्यात धरायला शिकण्यातच जातात.

मागचा भाग स्टेनलेस स्टीलच्या बारीक नळीचा असतो, हायपोट्यूब म्हणतात, कारण डॉक्टरनी मागून ढकललं की ते ढकलणं पुढच्या टोकापर्यंत पोचलं पाहिजे. पुढचं टोक मात्र मऊ लागतं. स्टीलपासून मऊ प्लास्टिकपर्यंत कडकपणा हळूहळू कमी होत गेला पाहिजे, मध्येच एकदम बदलला तर नळी तिथंच मोडते. वायर फक्त पुढच्या भागातूनच जाते आणि मध्येच बाहेर निघते अशी रॅपिड एक्स्चेंजची पद्धत आता हृदयात जास्त चालते, त्यात डॉक्टरला एकट्याला कॅथेटर बदलता येतो.

घडी कशी घालतात?

मशीनवर. फुग्याला व्हॅक्युम लावायचा, तीन जबडे एकदम दाबतात आणि फुग्याला तीन पाकळ्या होतात, मोठ्या मापाला पाच-सहा, मग दुसऱ्या हेडमध्ये त्या पाकळ्या एकाच दिशेला गुंडाळतात, वरून घट्ट बाही चढवतात आणि थोडी उष्णता देऊन घडी बसवतात. घडी एकसारखी नसेल तर आत फुगा एका बाजूने उघडतो आणि स्टेंटही वाकडा उघडू शकतो. त्यानंतर बाहेरून पाण्याने निसरडं होणारं कोटिंग.

बर्स्ट टेस्ट म्हणजे फुगा फोडायचा का? मुद्दाम?

हो, मुद्दाम, आणि चांगला पीस फोडायचा. कॅथेटर ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायचा, कारण शरीराच्या तापमानाला प्लास्टिक थंडीपेक्षा मऊ असतं, मग पाण्याने प्रेशर टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचं. प्रत्येक टप्प्याला थोडं थांबायचं, व्यास मोजायचा, पुढं जायचं. एका प्रेशरला टप् असा आवाज येतो, पडद्यावरची रेघ सरळ खाली येते आणि आकडा लिहून घ्यायचा.

पण आकडा लिहून काम संपत नाही, फुटलेला फुगा मायक्रोस्कोपखाली घ्यायचा आणि चीर कुठल्या दिशेने गेलीये ते बघायचं. वरच्या गणितात लांबीच्या दिशेचा ताण गोलाईच्या बरोबर निम्मा येतो, त्यामुळे नीट बनवलेला फुगा लांबीत उभा फाटतो. उभा फाटला तर तो नळीला दोन्ही टोकांना चिकटलेला असतो, गुंडाळून बाहेर ओढता येतो. आडवा फाटला तर पुढचा अर्धा तुकडा छत्रीसारखा उघडून रक्तवाहिनीत अडकू शकतो, नाहीतर तुटून आतच राहू शकतो. म्हणून आडवी चीर दिसली की प्रेशरचा आकडा कितीही भारी आलेला असो, लॉट थांबतो आणि कारण सापडेपर्यंत थांबलेलाच राहतो. मी बघितलेली कारणं बहुतेक वेळा साधी असतात, मोल्डच्या सांध्याची खूण, एखादा ओरखडा, नाहीतर जोडाजवळ जास्त उष्णता.

आमचा फुगा २५ अॅटमॉस्फियरला फुटतो, दुसऱ्यांचा २२ ला, म्हणजे आमचा भारी ना?

नाही, आणि हे समजलं की या धंद्याचं अर्धं समजलं.

पाकिटावर जो आकडा छापतात तो रेटेड बर्स्ट प्रेशर, म्हणजे या प्रेशरपर्यंत ९९.९ टक्के फुगे फुटणार नाहीत असं ९५ टक्के खात्रीने म्हणता आलं पाहिजे. तो काढताना सरासरीतून स्टँडर्ड डेव्हिएशनच्या, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाच्या, पटीत वजा करतात, आणि ३० च्या आसपास पीस टेस्ट केले तर ती पट साधारण ४ येते. आता उदाहरण घ्या. तुमची सरासरी २५ पण डेव्हिएशन २, तर २५ वजा ८ म्हणजे १७. दुसऱ्यांची सरासरी २२ पण डेव्हिएशन ०.८, तर २२ वजा ३.२ म्हणजे १८.८. पाकिटावर त्यांना १८ छापता येतं, तुम्हाला १७ च.

म्हणजे एक पीस किती ताकदीचा झाला याला किंमत नाही, सगळे पीस एकमेकांसारखे किती झाले याला आहे. सकाळच्या शिफ्टचा आणि रात्रीच्या शिफ्टचा फुगा एकसारखा यायला हवा, उन्हाळ्यातला आणि पावसाळ्यातला एकसारखा यायला हवा. टेबलावरच्या ज्या पेशंटमध्ये फुगा फुगवायचा त्याला तुमची सरासरी मिळत नाही, त्याला एकच पीस मिळतो.

किती पीस टेस्ट करावे लागतात?

कुठली टेस्ट आणि धोका किती यावर आहे. पास-नापासच्या टेस्टमध्ये ९५ टक्के खात्रीने ९० टक्के पीस चांगले म्हणायचे तर २९ पीस, एकही नापास न होता. ९५ टक्के पीस चांगले म्हणायचे तर ५९. फुगा वारंवार फुगवायची टेस्ट वेगळी, ती हृदयाच्या फुग्याला रेटेड प्रेशरपर्यंत २० वेळा करायची पद्धत आहे. शिवाय रिकामा व्हायला लागणारा वेळ, जोडांची ताकद, गळती, कोटिंग, वळणावर मोडतो का, सगळं. बलूनच्या टेस्टिंगसाठी आयएसओ १०५५५ या कॅथेटरच्या स्टँडर्डचा भाग ४ आणि भाग १ वाचा, सुरुवात तिथूनच होते.

आमचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टूलरूम आहे, यात आमच्यासाठी काही आहे का?

आहे, आणि मला वाटतं सोलापूरने इथूनच आत शिरावं. फुग्याचा मोल्ड बघा. साधारण तीन तुकडे असतात, मधला सरळ भाग आणि दोन बाजूंचे निमुळते कोन. पितळ किंवा बेरिलियम कॉपर, म्हणजे उष्णता पटकन जाणारं आणि येणारं मटेरियल, कधी स्टेनलेससुद्धा. मधला तुकडा बदलला की त्याच व्यासाचा १० मिलिमीटरचा, १५ चा, २० चा फुगा निघतो. आतला व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत राखायचा, तुकडे एकमेकांवर असे बसवायचे की सांध्यावर नख अडकलं नाही पाहिजे, आणि आतला फिनिश असा की फुग्यावर एकही रेघ उमटली नाही पाहिजे, कारण मोल्डमधला प्रत्येक ओरखडा फुग्यावर जसाच्या तसा छापला जातो. फुगा थंड झाल्यावर किंचित आक्रसतो तेही धरून व्यास ठरवायचा, म्हणजे पहिला मोल्ड बरोबर येईलच असं नाही, दोन-तीनदा सुधारायची तयारी हवी.

सोलापुरात बनलेले कॅमशाफ्ट जगभरातल्या गाड्यांत जातात, त्यामुळे मायक्रॉनचं माप इथल्या हातांना नवीन नाही. नवीन आहे ते मापाचा कागद ठेवणं. कुठल्या बारपासून बनवला, त्या बारचं सर्टिफिकेट कुठंय, कुठल्या मशीनवर, कुणी मोजलं, गेजचं कॅलिब्रेशन कधी झालं. "अहो मॅडम, पीस चांगलाय की, कागद कशाला" असं मी गावात किती जणांकडून ऐकलंय, आणि खरंच पीस चांगला असतो, पण कागद नसेल तर तो मोल्ड माझ्या लाईनवर मला लावता येत नाही.

मोल्डशिवाय घडीच्या मशीनचे जबडे, गळती तपासायचे फिक्स्चर, मँड्रेल, कॅथेटर गोल गुंडाळून ठेवायची प्लास्टिकची नळी, पाकिटातली कार्डं, ही सगळी कामं छोट्या युनिटला जमणारी आहेत. यासाठी स्वतःचं मेडिकल डिव्हाईसचं लायसन्स लागत नाही, पण घेणारी कंपनी तुमच्याकडे ऑडिटला येणार आणि आयएसओ १३४८५, म्हणजे मेडिकल डिव्हाईससाठीचं क्वालिटीचं स्टँडर्ड, विचारणार.

टॉवेलची जुनी शेड आहे, तिथंच क्लीनरूम टाकली तर?

टाकता येते, पण आधी ऐका. बलूनची जोडणी साधारण आयएसओ क्लास ७ किंवा ८ च्या खोलीत होते. क्लास ७ म्हणजे एक घनमीटर हवेत ०.५ मायक्रॉन आणि त्याहून मोठे कण ३,५२,००० च्या वर नकोत, क्लास ८ ला ३५,२०,०००. आकडा मोठा वाटतो, पण साध्या हवेत त्याहून खूप जास्त असतात. आणि आपल्याकडे खरा प्रश्न रुईचा. लूमच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं उडालेली रुई छताच्या पत्र्यात, वायरिंगच्या पट्ट्यांत, भिंतींच्या भेगांत बसलेली असते, शेजारची शेड चालू असेल तर येतच राहते. एक तंतू फुग्याच्या घडीत गुंडाळला गेला तर तो थेट हृदयाच्या रक्तवाहिनीत जातो. त्यामुळे शेड वापरायची तर फक्त सांगाडा म्हणून, आत संपूर्ण वेगळी पॅनेलची खोली, फिल्टरची हवा आणि आतलं प्रेशर बाहेरपेक्षा जास्त. माणसांना सुती कपड्यांवर आत सोडत नाहीत, तंतू न सोडणारे पॉलिस्टरचे सूट घालावे लागतात. सोलापूरच्या मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना आत २१-२२ ठेवायचं, तर एसीचं आणि जनरेटरचं बिल आधी मांडा, मशीनचं नंतर.

लायसन्स कुणाकडून?

मेडिकल डिव्हाईस रूल्स २०१७, लागू झाले १ जानेवारी २०१८ पासून. ए, बी, सी, डी असे चार वर्ग, डी म्हणजे सगळ्यात जास्त धोका. ए आणि बी ला राज्याचं एफडीए, सी आणि डी ला दिल्लीचं सीडीएससीओ, म्हणजे केंद्र सरकारचं औषध नियंत्रण खातं. हृदयाच्या रक्तवाहिनीत जाणारा बलून डी मध्ये, लघवीची फोलीची नळी बी मध्ये, तीही फुग्याचीच. सी-डी ला अर्ज फॉर्म एमडी-७, लायसन्स एमडी-९. पण त्याच्या आधी टेस्टिंगसाठी थोडेसे पीस बनवायचे तरी एमडी-१२ वर अर्ज करून एमडी-१३ चं टेस्ट लायसन्स लागतं, हे बरेच जण विसरतात.

स्टरलाईज कसं करतात? उकळून?

उकळलं तर फुगा गेलाच. वाफेची उष्णता नायलॉनच्या ताणलेल्या फुग्याला सोसत नाही, तो आक्रसतो. म्हणून इथिलीन ऑक्साईड गॅस, कमी तापमानाला, आणि गॅस आत-बाहेर जाऊ शकेल असं टायवेकचं, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या तंतूंचं, पाकीट. हा गॅस विषारी आहे आणि पेटतोही, नंतर पाकिटं हवेशीर ठेवून उरलेला गॅस काढावा लागतो आणि किती उरला ते मोजावं लागतं. छोट्या युनिटने हे बाहेरून, परवाना असलेल्या ठिकाणी करून घेतलेलं बरं.

उष्णतेने फुगा आक्रसतो याच कारणाने तयार माल उन्हात उभ्या केलेल्या ट्रकमध्ये ठेवायचा नाही. लेबलवर साठवायचं तापमान छापलेलं असतं ते डीलरने पण पाळायचं असतं.

वापरलेला बलून धुऊन परत वापरला तर खर्च वाचेल ना?

वाचतो तो खर्च पेशंटच्या जिवावर वाचतो. एकदा फुगवलेल्या फुग्याची घडी हाताने तशी परत बसत नाही, तो जाड होतो, कोटिंग गेलेलं असतं, बारीक ल्युमेनमध्ये सुकलेलं कॉन्ट्रास्ट आणि रक्त राहतं जे धुऊन निघत नाही, आणि किती प्रेशर त्याने आधी खाल्लंय ते कुणालाच माहीत नसतं. आम्ही जो रेटेड आकडा छापतो तो नव्या पीसचा आहे. बलून स्वस्त व्हायला पाहिजेत हे मला मनापासून मान्य आहे, पण ते इथं बनवून, मोल्ड आणि नळ्या इथं करून.

औषध लावलेला बलून वेगळा असतो का?

फुगा तोच, वर पॅक्लिटॅक्सेल किंवा सिरोलिमसचा पातळ थर. फुगवल्यावर औषध भिंतीत जातं आणि जागा परत भरायची शक्यता कमी होते, आत कायमचं काही राहत नाही. जुना स्टेंट परत भरला असेल तिथं विशेष वापरतात. बनवायला अवघड, कारण थर एकसारखा बसला पाहिजे, घडी घालताना पडला नाही पाहिजे आणि आत गेल्यावर मात्र थोड्या वेळात सुटला पाहिजे. सुरत-वापी पट्ट्यात स्टेंट आणि बलूनच्या कंपन्या उभ्या राहिल्यात, सिरोलिमसच्या बलूनवर सुरतमध्ये चांगलं काम झालंय. सुरतही कापडाचंच गाव आहे, हे आपल्या लोकांनी लक्षात घ्यावं असं मला वाटतं.

फक्त हृदयाच्या ब्लॉकेजलाच का?

छे. पायाच्या रक्तवाहिन्या, डायलिसिसच्या पेशंटचा हातावरचा फिस्टुला (शीर आणि धमनी जोडून केलेला मार्ग), पित्ताची नळी, अन्ननलिका. जपानच्या कांजी इनोऊ यांनी अरुंद झालेली हृदयाची झडप उघडायला बलून केला, १९८४ मध्ये त्याचा पेपर आला, त्यात फुगा आधी पुढून फुगतो, मग मागून, मधली कंबर शेवटी, त्यामुळे तो झडपेत बरोबर बसतो आणि निसटत नाही. लहानपणी सांधेतापातून झडप खराब झालेले पेशंट आपल्याकडे खूप आहेत आणि छाती न उघडता त्यातल्या कितीतरी जणांचं काम या फुग्याने होतं.

आणि एक अगदी साधा, बांगलादेशच्या डॉ. सायेबा अख्तर यांचा. बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल तर नळीला निरोध बांधून गर्भाशयात ठेवायचा आणि सलाईनने फुगवायचा. मशीन नाही, लेझर नाही, तरी बाईचा जीव वाचतो.

मुलगी मेकॅनिकलला आहे, या क्षेत्रात यायचं तर काय शिकवू?

प्लास्टिक शिकू दे, पॉलिमर गरम-थंड झाल्यावर कसं वागतं ते. स्टॅटिस्टिक्स शिकू दे, वरचं २५ आणि २२ चं गणित तिला स्वतः करता आलं पाहिजे. ड्रॉइंग वाचणं तिला येतच असेल. आणि लिहिणं, स्वच्छ आणि खरं लिहिणं, टेस्ट नापास झाली तर नापासच लिहिणं. जोडणीच्या लाईनवर बारावी झालेल्या मुलीही उत्तम काम करतात, मायक्रोस्कोपखाली तासन् तास स्थिर हात लागतो, तिथून क्वालिटीत गेलेल्या कितीतरी जणी मला माहिती आहेत.

काकांची अँजिओप्लास्टी आहे, कुठल्या कंपनीचा बलून घ्या म्हणून सांगू?

ते डॉक्टरला ठरवू द्या, ब्लॉकेज बघून माप आणि प्रकार तेच ठरवतात. तुम्ही एवढं करा, पाकीट नवीन आणि बंद होतं का ते विचारा, आणि बलून-स्टेंटच्या पाकिटावरचे स्टिकर फाईलला लावून घ्या. त्यावर लॉट नंबर असतो, माप असतं, तारीख असते. पुढं कधी तपासणीला दुसऱ्या गावी जावं लागलं किंवा त्या लॉटबद्दल काही निघालं तर तोच नंबर लागतो, म्हणून डिस्चार्जच्या दिवशी गडबडीत ती फाईल हॉस्पिटलमध्ये विसरू नका.